तुम्ही विचारलंत म्हणून: चष्म्याने सगळं दिसतं, मग पायलट का नाही?

साताऱ्यात माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली याच शहरात सुरू झाली. जवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. त्यामुळे माझ्याकडे मोतीबिंदूचे आजोबा जितक्या नेमाने येतात, तितक्याच नेमाने सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. आता मुलीही येतात, कारण २०२२ पासून एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. सोबत आईवडील असतात आणि प्रश्न ठरलेला: "मॅडम, चष्मा लावला की ह्याला सगळं स्वच्छ दिसतं. मग एअरफोर्समध्ये पायलट का होता येणार नाही?"

दवाखान्यात याचं उत्तर पाच मिनिटांत उरकावं लागतं, आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतं. म्हणून आज नीट लिहिते आहे.

'दिसतं' या एका शब्दात आपण फार काही कोंबतो. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केला. सहा मीटरवरून ज्या ओळीतलं अक्षर सुमारे नऊ मिलिमीटर उंच असतं, ती ओळ वाचली की ६/६. हवाई दलाच्या उड्डाण शाखेला एका डोळ्याची नजर चष्म्याशिवाय ६/६ लागते, दुसऱ्याची ६/९, म्हणजे एक ओळ वरची, चालते. तीही प्लस नंबरामुळे (यात जवळचं पाहायला डोळ्याला जास्त जोर लागतो) कमी असेल आणि काचेने ६/६ होत असेल तरच. मायनस नंबराला, म्हणजे लांबचं पुसट दिसणाऱ्याला, जवळजवळ जागाच नाही. प्लसला मात्र दीड-दोनपर्यंत सूट मिळत आली आहे.

हे ऐकून पालक चक्रावतात. नंबर तो नंबर. प्लसला सवलत आणि मायनसला दार बंद, हा कुठला न्याय?

या भेदाची मुळं आकाशातच आहेत. ढगांच्या वर, स्वच्छ निळ्या पोकळीत नजर टेकवायला काहीच नसतं. झाड नाही, डोंगर नाही, क्षितिजाची धड रेषसुद्धा नाही. अशा वेळी डोळा लांबवर बघत राहत नाही. तो आपोआप मीटर-दोन मीटरवर स्थिरावतो, म्हणजे चांगला डोळासुद्धा थोडा 'मायनस' होतो. अंधारातही असंच होतं. ज्याला मुळातच मायनस नंबर आहे, त्याच्या नजरेत ही आणखी भर. थोडा प्लस असलेल्याला उलट पदरी थोडं शिल्लक असतं. आता हिशोब करा. लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडत असेल तर ते सेकंदाला २५० मीटर कापतं. समोरून तसंच दुसरं विमान आलं तर दोघांतलं पाच किलोमीटरचं अंतर दहा सेकंदांत संपतं. पाचव्या किलोमीटरला दिसलेला ठिपका आणि तिसऱ्याला दिसलेला ठिपका यांच्यात चार सेकंदांचा फरक आहे. त्या चार सेकंदांत जे काही करायचं ते करायचं असतं.

मग चष्मा का नको? तर वळणावर विमानात वजन वाढतं. तीस ग्रॅमचा चष्मा सहा 'जी'च्या, म्हणजे वजन सहापट करणाऱ्या, वळणात १८० ग्रॅमचा होऊन नाकावरून घसरू लागतो. वर हेल्मेट, खाली ऑक्सिजनचा मास्क, घाम, काचेवर येणारी वाफ. 'जी'चा पहिला फटकासुद्धा डोळ्यालाच बसतो. डोळ्यात आतून स्वतःचा दाब असतो, त्यामुळे रक्त पायांकडे ओढलं जाऊ लागलं की मेंदूच्या आधी पडद्याचा पुरवठा तुटतो. आधी कडा राखाडी होतात, मग काळोख. माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला काही दिसत नाही. दोष नसलेल्या डोळ्याची ही गत. सेवेत वय वाढल्यावर वैमानिकांना चष्मा लागतो आणि तो लावून ते उडतातही, हे खरं आहे. पण सतराव्या वर्षी मायनस एक असलेला डोळा पंचविसाव्या वर्षी कुठे जाईल, हे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सतराव्या वर्षी मागितली जाते ती पुढची वीस-पंचवीस वर्षं पुरेल अशी नजर.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी कोरेगाव भागातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. अकरावीत होता, अंगाने काटक, वडील निवृत्त सुभेदार. दोन्ही डोळ्यांनी त्याने शेवटची ओळ न अडखळता वाचली. संध्याकाळची वेळ होती, बाहेर बाकं भरलेली. थेंब टाकून तपासणी करायची तर अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. मी थांबवलं नाही. "डोळे उत्तम आहेत," असं म्हणून त्यांना पाठवलं.

मुलगा लेखी परीक्षा पास झाला. सैन्यदलांच्या निवड मंडळाची, एसएसबीची, पाच दिवसांची मुलाखत पास झाला, वैमानिक होण्याची क्षमता पाहणारी चाचणीही. मग वैद्यकीय तपासणीत डोळ्यात थेंब पडले आणि त्याचा खरा नंबर निघाला: प्लस तीन.

कोवळ्या वयात डोळ्यातलं भिंग लवचीक असतं आणि त्याला ताणणारा-सोडणारा स्नायू दमदार. प्लस नंबर असलेलं मूल त्या स्नायूच्या जोरावर दिवसभर नजर ओढून धरतं आणि तक्ता सहज वाचतं. त्याला स्वतःलाही कळत नाही. कधी संध्याकाळी कपाळ दुखतं, अभ्यास करताना डोळ्यांत पाणी येतं, एवढंच. थेंबांनी तो स्नायू सैल पडला की लपलेला नंबर उघडा होतो. म्हणूनच पायलटच्या तपासणीत तक्त्यावर थांबत नाहीत. बाहुली मोठी करून, रेटिनोस्कोपचा उजेड आत टाकून डोळ्यालाच विचारतात. मुलाच्या तोंडच्या उत्तरावर ती तपासणी अवलंबून नसते.

त्याचे वडील रागावले नाहीत. "मॅडम, आधी कळलं असतं तर पोरानं दुसरी शाखा धरली असती," एवढंच म्हणाले. ग्राउंड ड्युटीच्या शाखांचे नंबराचे निकष सैल आहेत, प्रवासी विमानाचा वैमानिक तर चष्म्यासहित होता येतं. नकार कुणालाही मिळू शकतो, पण त्या मुलाची तयारीची दोन वर्षं वाचवणं माझ्या हातात होतं.

रंगांची परीक्षा हा यापेक्षा नाजूक विषय आहे. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची, शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांची पुस्तिका १९१७ पासून जगभर वापरात आहे. उड्डाणासाठी मात्र सर्वांत वरचा दर्जा लागतो, त्याला सीपी-वन म्हणतात. त्यासाठी मार्टिन लँटर्न नावाचा कंदील आहे. अंधाऱ्या खोलीत, सहा मीटरवर, मोहरीएवढे दोन दिवे शेजारी शेजारी लागतात आणि लाल, हिरवा की पांढरा ते तत्काळ सांगायचं. रात्री धावपट्टीकडे येताना वैमानिकाला नेमकं हेच करायचं असतं. पट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतार बरोबर, चारही लाल दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली. आकाशातल्या दुसऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा. त्यावरून ते येतंय की जातंय ते ठरतं.

लाल-हिरव्याची गल्लत जन्मजात असते आणि आईकडून मुलाकडे येते. मुलाला एक्स गुणसूत्र आईचंच मिळतं. आईला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात, पण तिच्या वडिलांत किंवा भावात विचारलं तर बहुतेकदा धागा सापडतो. एकदा एका मुलाला पुस्तिकेतले आकडे दिसेनात, तेव्हा मागे बसलेली त्याची आई हळूच म्हणाली, "ह्याचा मामा पण पिकली मिरची पानांतून ओळखत नाही." आणि नवऱ्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते मला सहन झालं नाही. कुणी काही केलेलं नसतं हो. गुणसूत्र निवडून देता येत नाही. त्या दिवसापासून मी हे आईवडिलांना एकत्र बसवून, आधीच समजावून सांगते. तांबड्या काचांचे चष्मे विकणारे 'रंगांधळेपणा बरा करतो' म्हणून सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या काचांनी आकडा उठून दिसेलही, पण रंग ओळखू येत नाही, आणि तपासणीत काच लावू देत नाहीत.

तिसरी परीक्षा दोन डोळ्यांच्या जोडीची, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. एका डोळ्यापुढे लाल रेघांची काच, मॅडॉक्स रॉड, धरतात. त्या डोळ्याला दिव्याची तांबडी रेघ दिसते, दुसऱ्याला दिवाच. रेघ दिव्यावरून जायला हवी. फार बाजूला गेली तर लपलेला तिरळेपणा आहे, जो थकव्यात उघडा पडतो.

आता उपायांबद्दल. लेझर शस्त्रक्रियेने नंबर काढून एनडीएच्या उड्डाण शाखेत जाता येईल का? वयाचाच मेळ बसत नाही. वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी केलेली शस्त्रक्रिया हवाई दल मान्य करत नाही आणि एनडीएत साडेएकोणिसाच्या आत शिरावं लागतं. पदवीनंतर, हवाई दलाच्या एएफसीएटी या प्रवेश परीक्षेच्या वाटेने, ही दारं काहीशी उघडतात. मात्र शस्त्रक्रियेला वर्ष झालेलं हवं, वैमानिकासाठी उरलेला नंबर शून्य हवा, बुबुळाची (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, कॉर्नियाची) जाडी आणि डोळ्याची लांबी मर्यादेत हवी. डोळ्याची लांबी शस्त्रक्रियेने बदलत नाही. मोठ्या मायनसचा डोळा लांबच राहतो. हे आकडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात वाचूनच पाऊल टाका.

रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स आहेत. त्यांनी बुबुळ दबतं आणि काही दिवस चष्म्याशिवाय दिसतं. ते दबणं बुबुळाचा नकाशा काढला की स्पष्ट दिसतं. लेन्सच्या जखमांनी पांढरं पडलेलं बुबुळ मी पाहिलं आहे, तक्ता पाठ करून आलेली मुलंही पाहिली आहेत. गाजर, त्राटक, डोळ्यांचे व्यायाम यांनी मायनस नंबर उतरलेला मी एकही पाहिला नाही.

उपयोग होतो तो एका साध्या गोष्टीचा, आणि तोही नंबर लागायच्या आधी: उघड्यावरचा उजेड. लहान वयात जी मुलं रोज बाहेर खेळतात, त्यांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. म्हणून सहावीपासून 'डिफेन्स फाउंडेशन'च्या नावाखाली पोरांना ट्यूबलाइटखाली दिवसभर कोंडून ठेवतात तेव्हा माझा जीव तुटतो. ज्या डोळ्यांवर सगळी भिस्त, त्यांनाच आपण चार भिंतींत मायनस करत आहोत.

आणि तपासणी आठवी-नववीतच करा. तक्ता, थेंब, रंग, जोडी, सगळं. नंतर दर वर्षी एकदा.

परवाच्या रविवारी नववीतली एक मुलगी आली होती, वाईच्या बाजूची. तिने तक्ता झरझर वाचला, इशिहाराची पुस्तिका संपवली आणि उठायला लागली. मी तिला पुन्हा बसवलं, डोळ्यांत थेंब टाकले. बाहेरच्या बाकावर तिने दप्तरातून पुस्तक काढलं, पण अक्षरं पुसट व्हायला लागली तसं मिटून मांडीवर ठेवलं. "मॅडम, किती वेळ अजून?"

"अर्धा तास," मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटना थांबायला सांगितलं.