ओसरीतल्या चार खाटा

दिवाळीनंतर कापूस काट्यावर चढला की आमच्या काकाचं डोकं कसं चालतं ते बघावं. मागच्या साली 6 क्विंटल 40 किलो भरला, भाव 7,050. व्यापाऱ्याचा पोरगा खिशातून मोबाइल काढेस्तोवर काका म्हणाला, “पंचेचाळीस हजार एकशे वीस.” चौथी शिकलेला माणूस, पण पावकी-निमकीचे पाढे अजून तोंडपाठ.

हाच काका त्या जुलैत पीककर्जाच्या टेबलासमोर स्वतःच्या शेताचा गट नंबर विसरला. चाळीस वर्षं तोंडात बसलेला नंबर! समोरचे साहेब पेन आपटताहेत, मागे रांग कुजबुजतेय आणि काका माझ्या तोंडाकडे बघतोय. बाहेर येऊन चपलेत पाय घातला, तसा नंबर आठवला.

“काहून बे असं होते? बुढा झालो काय मी?”

कसला बुढा! दिवाळीत तर तो आणखी चार महिन्यांनी म्हातारा होता.

माणसाला हिशेब करताना एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी ध्यानात धरता येतात. ओसरीत चार खाटा आहेत समजा. जुलैत दोन खाटांवर दुबार पेरणी ऐसपैस पसरलेली, तिसरीवर पोरीची फी, चौथीवर ‘साहेब काय म्हणतील’. गट नंबर बिचारा अंगणात उभा. त्यात छाती धडधडली की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं रसायन वाढतं आणि कपाळामागचा, सावकाश विचार करणारा भाग ढिला पडतो. धुऱ्यावर साप दिसला तर हे कामाचं. फॉर्म भरताना काय कामाचं?

1908 साली यर्कीस आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन शिकवून पाहिलं. सोपं काम जोरदार झटक्यानं लवकर जमलं, अवघड काम मात्र मध्यम झटक्यानंच. आमच्या मास्तरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. छडीनं वर्ग चकाचक झाडला जायचा, अडीचकी मात्र कायमची पळाली.

तमिळनाडूत 464 ऊसवाल्या शेतकऱ्यांना तोडणीआधी तंगीत आणि नंतर पैसा हाती आल्यावर कोडी घातली होती. तीच माणसं, पण तंगीत कमी पडली. 2013 साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. मी काकाला सगळं सांगितलं. त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

“मंग हे कागदं पेरनीच्या टायमालेच काहून मांगतेत? दिवाळीनंतर इचारा म्हना ना.”