काळूच्या जटा

"ताई, सरळ भादरून टाका याला. वासानं घरात बसवत नाही," मालकांनी दारातूनच सांगितलं. काळू, तीन वर्षांचा पुली जातीचा कुत्रा. माझ्याकडे ग्रूमिंगला, म्हणजे केसांची निगा राखून घ्यायला, लॅब, शिझू रोजचेच. पुली मात्र क्वचित. अंगभर जटा, त्यामुळे तोंड कुठलं नि शेपूट कुठली हे तो चालायला लागल्यावरच कळतं.

या जटा कुणी वळत नाही. वरचे लांब केस आणि आतली लोकरीसारखी लव गुंतून त्या आपोआप होतात. इथे ब्रशचं काम नाही. जटा बोटांनी मुळापासून सुट्या करत राहायच्या, हेच त्याचं विंचरणं. ते राहून गेलं की शेजारच्या जटा एकमेकींना चिकटून थापी होते आणि आत हवा जात नाही.

वास घाणीचा नव्हता, कुबट होता.

"आंघोळ कधी घातलीत?"

"परवा. ड्रायरनं वाळवलाय की."

वरून कोरडा होताच. काखेत बोटं खुपसली, तर मुळाशी भिजलेल्या घोंगडीसारखी ओल. पुली आतपर्यंत सुकायला अख्खा दिवस लागतो, कधी जास्तही. वरवर हात फिरवून ते समजत नाही.

आता त्याला एका जागी उभं करायचं होतं, पण तो ऐकेना. हंगेरीतल्या मेंढपाळांचा हा कुत्रा. कळपाची राखण करायला मोठा पांढरा कोमोंडोर, आणि मेंढ्या वळवायला दहा-पंधरा किलोंचा हा चपळ पुली. काळूकडे मेंढ्या नव्हत्या, आम्ही होतो. मदतनीस मुलगी टॉवेल आणायला निघाली की हा भुंकत तिच्या पोटऱ्यांना ढुशी द्यायचा. त्याला बांधण्याऐवजी मी सगळ्यांनाच टेबलाभोवती बसवलं, मालकांनाही. कळप जमल्यावर स्वारी शांत.

मग जटा फोडायला घेतल्या. कानामागे, काखेत, जांघेत थाप्या होत्या. बोटांनी न फुटलेली थापी मी कात्रीनं उभी चिरते, आडवी कधीच नाही. उजव्या काखेत मात्र कातडी लाल, चिघळलेली निघाली. तेवढीच जागा भादरली. हात छातीवर गेला तर फासळ्या सरळ बोटांना लागल्या. ओल्या जटांसकट काटा साडेदहा किलो दाखवत होता.

"पण दिसतो केवढा गुबगुबीत!" मालक म्हणाले.

दिसतात त्या जटा. पुलीची तब्येत हातानंच बघावी लागते. कातडी आणि वजन, दोन्हीसाठी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. पुन्हा आंघोळ घातली नाही; आधी ओल घालवायची होती. टॉवेल चोळला तर जटा आणखी गुंततात, म्हणून दाबून पाणी टिपलं आणि गार हवेचा ब्लोअर संध्याकाळपर्यंत चालवला.

भादरण्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे: रोज वेळ देणार नसाल तर खुशाल बारीक ठेवा, कुत्र्याला प्रदर्शनाची हौस नसते. फक्त जटा पुन्हा जमिनीपर्यंत यायला काही वर्षं जातात, हे ठाऊक असू द्या. मालक विचारात पडले.

"रोज अर्धा तास बसलो तर जमेल?"

"जमेल."

"सुरुवात कुठून करू?"

"डाव्या काखेतून. उजवीकडे डॉक्टर सांगतील तेव्हाच हात लावा."