सहा आणि सहा बारा होत नाहीत

आमच्या दुकानात फिश टँक बनतात आणि काचेची बाकीची कामंही होतात, त्यामुळे लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर देऊन चिकटवलेल्या दोन काचा, आमच्याकडे रोजची. तरी टँकसाठी कोणी ती मागितली की मी सरळ नाही म्हणतो. बहुतेक गिऱ्हाइकं "बरं, तुम्ही म्हणाल ते" म्हणून साधी फ्लोट काच घेतात. एका मे महिन्यात मात्र असे गृहस्थ आले की त्यांचं नुसत्या नकारावर भागेना. त्यांना हिशेब हवा होता.

काका सिव्हिल इंजिनिअर, पुलांच्या कामांवर उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले. हॉलमध्ये सहा फुटी टँक करून त्यात अरोवाना मासा पाळायचा, हे त्यांचं जुनं स्वप्न. भाच्याच्या ऑफिसचं रिनोव्हेशन निघालं, तिथल्या पार्टिशनच्या काचा फुकट मिळाल्या, म्हणून ते विचारायला आलेच नाहीत, टेम्पो घेऊनच आले. आम्ही चौघांनी काचा उतरवून भिंतीला लावल्या. कॅलिपर लावला तर १२.७६ मिलिमीटर. म्हणजे सहा आणि सहाच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर. गाडीच्या पुढच्या काचेत असतो तोच.

"सहा बाय दोन बाय दोनचा टँक," काका म्हणाले. "मी काढलंय सगळं. बारा एमएम पुरते, ही तर बाराच्या वर आहे. शिवाय फुटली तरी तुकडे पडत नाहीत. तुमची फक्त मजुरी सांगा."

त्यांचा बाराचा आकडा बरोबर होता, हे आधी कबूल केलं पाहिजे. टँकच्या काचेची जाडी पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर ठरते, टँक पुढून मागे किती रुंद आहे याचा तिच्याशी संबंध नाही. हे लोकांना पटवताना माझा घसा बसतो, काकांना सांगावंही लागलं नाही. दोन फुटी टँकमध्ये पाणी साधारण ५७ सेंटिमीटर उभं राहतं. तळाशी दाब चौरस मीटरला ५७० किलोच्या आसपास, वर शून्य. सहा फुटी दर्शनी काचेवर मिळून २९० किलोचा रेटा. आमच्या धंद्यात काच ज्या भाराला फुटेल तो प्रत्यक्ष भाराच्या ३.८ पट असावा असं धरून जाडी काढायची पद्धत आहे, आणि वरच्या कडेने पट्ट्या मारल्या की या मापाला बारा एमएम येते. मीही तेवढीच लावली असती. पण एकसंध बारा.

मी म्हटलं, "काका, ही बारा नाहीये. सहा आणि सहा आहे."

"म्हणजे बाराच की."

"पाण्यासाठी नाही."

मला जे माहीत होतं ते हाताने माहीत होतं. लॅमिनेटेडचे लांब तुकडे नुसते दोन टोकांवर आडवे ठेवले तर काही दिवसांत पोट सोडतात, हे आमच्या गोडाउनमध्ये कोणीही सांगेल. म्हणून आम्ही त्या काचा नेहमी उभ्या ठेवतो. पण इंजिनिअरला "गोडाउनमध्ये असं होतं" हे उत्तर पुरत नाही. काका म्हणाले, ही काच बँकेत लावतात, दुकानाच्या दर्शनी भागाला लावतात, मग ती कमजोर कशी? तारापोरवाला मत्स्यालयातल्या टँकांच्या काचांचा दाखला दिला. मी म्हटलं, तिथे २०१५ साली नूतनीकरणात जो बोगदा केला तो काचेचा नव्हे, ॲक्रिलिकचा होता. त्यावर ते लगेच म्हणाले, मग ॲक्रिलिक तरी कुठे भरवशाचं? बर्लिनमधला तो हॉटेलातला दहा लाख लिटरचा टँक २०२२ च्या डिसेंबरात फुटलाच ना! तो ॲक्रिलिकचाच होता, हे खरं. वाद असा भरकटायला लागल्यावर मी म्हटलं, आपण तुमचीच काच वाकवून बघू.

लॅमिनेटेड कापणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. साध्या काचेला कटरची एक रेघ मारली, हलका दाब दिला की काम झालं. इथे वरून रेघ मारायची, काच पलटी करून बरोबर त्याच जागी खालून मारायची, दोन्ही बाजूंनी ठोकून चिरा पूर्ण करायच्या, आणि तरी काच सुटत नाही, कारण मधलं प्लास्टिक धरून बसलेलं असतं. मग चिरेत स्पिरिट सोडून काडी लावायची. उजेडात दिसणारही नाही अशी निळसर ज्योत चिरेवरून सरसर धावते, प्लास्टिक मऊ पडतं, आमचे मामा दोन्ही बाजू हळूच ओढून फट उघडतात आणि तिच्यात ब्लेड फिरवतात. काका वाकून बघत होते. ब्लेड फिरताना प्लास्टिकची ताण घेणारी तार निघाली, ती त्यांनी बोटांत धरून ओढून बघितली. काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी नोंद झाली.

एक फूट रुंद आणि पाच फुटांहून थोडी लांब अशी पट्टी निघाली. तेवढीच एक पट्टी मी साध्या बारा एमएमची कापली. दोन लाकडी ठोकळे दीड मीटरच्या अंतराने मांडून पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. प्रत्येकीच्या मध्यावर तेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा पाण्याने भरून ठेवला. काचेच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनचा दोरा ताणला आणि मध्यावर दोरा ते काच असं अंतर पट्टीने मोजलं. साध्या काचेचा झोल पाच-साडेपाच मिलिमीटर. लॅमिनेटेडचा आठच्या जवळपास.

"आठ म्हणजे काही फार नाही," काका म्हणाले. फरक बघून थोडे चपापले होते, पण हार मानणाऱ्यातले नव्हते.

मी म्हटलं, "आत्ताच तर ठेवलंय. डबे असेच राहू देत, सकाळी या."

वर पत्रा, मे महिना, शटर बंद. रात्री उशिरापर्यंत दुकान तापलेलंच असतं. हे मला चालणारच होतं. अरोवानाच्या टँकमध्ये पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर ठेवतात, त्यामुळे टँकची काच बाराही महिने तशी कोमटच राहणार.

सकाळी काका शटर उघडायच्या आधी हजर. साध्या काचेचा झोल होता तिथेच, पाच-साडेपाच. लॅमिनेटेड सोळाच्या पुढे गेली होती. दोरा लावायचीही गरज नव्हती, डोळ्यांना धनुष्य दिसत होतं. मी काकांना टोकाशी नेलं आणि कापलेल्या कडेवर नख फिरवायला सांगितलं. आदल्या दिवशी आम्ही ती कड घासून सपाट केली होती. आता तिथे वरच्या आणि खालच्या काचेत नखाला अडकेल न अडकेल अशी पायरी लागत होती. वरची खालचीवरून सरकली होती.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, परत परत नख फिरवलं. मग म्हणाले, "अरे, हा तर क्रीप आहे!"

आणि मग मला जे सांगता येत नव्हतं ते त्यांनीच मला सांगितलं, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर. काँक्रीटवर वजन कायम राहिलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं, हाच क्रीप, त्यासाठी पुलाच्या हिशेबात वेगळी तरतूद करावी लागते. इथे काच दबत नाही, मधलं प्लास्टिक सरकतं. तिळाच्या चिक्कीतल्या गुळासारखं समजा: झटका दिला तर धरून ठेवतो, वजन ठेवून विसरलात तर ऊबेला सैलावतो. वाऱ्याचा झोत, दगड, धक्का हे सगळं काही सेकंदांचं काम, तेवढ्यात दोन्ही काचा एक होऊन वागतात. पाण्याचा रेटा रात्रंदिवस असतो, त्यात त्या सुट्या होतात. काच किती वाकते हे जाडीच्या घनावर अवलंबून. बाराचा घन १७२८. सहाचा घन २१६, दोन काचांचे मिळून ४३२. बरोबर चौथा हिस्सा. ताकद जाडीच्या वर्गावर. १४४ च्या जागी छत्तीस आणि छत्तीस, म्हणजे ७२. निम्मी.

"म्हणजे तुमचा ३.८ चा आकडा १.९ वर आला," काका म्हणाले.

"आणि एक काच तडकली तर?" मी विचारलं.

त्यांनी पेन थांबवलं. उरलेल्या एकट्या सहा एमएमवर सगळा भार. १४४ च्या जागी ३६, चौथा हिस्सा. ३.८ भागिले चार, ०.९५. "एकच्या खाली," ते म्हणाले. म्हणजे फुटली तरी धरून ठेवेल, हा जो लॅमिनेटेडचा मोठा गुण, तो या टँकमध्ये हिशेबातच उरत नव्हता. तो गुण हवा असेल तर प्रत्येक काच एकटीने पाणी धरेल इतकी जाड लागते, बारा आणि बारा. मोठ्या मत्स्यालयांत काच वापरतात तेव्हा अशाच विचाराने जोडतात, आणि मधला थरही पीव्हीबीपेक्षा कितीतरी कडक जातीचा मिळतो. घरच्या टँकला तो खर्च कोणी करत नाही.

१.९ म्हणजे लगेच फुटेल असं नाही, हेही सांगायला हवं. भरल्या दिवशी तो टँक उभा राहिला असता. गोम अशी की काचेची खरी ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांवर ठरते, आणि ताण कायम असेल, वर ओल असेल, तर हे ओरखडे हळूहळू वाढत जातात. क्षणभर जेवढं वजन काच झेलते, त्याच्या निम्मंही ती वर्षानुवर्षं झेलत नाही. म्हणून तर ३.८ ठेवतात, बिल वाढवायला नाही.

यावरही काकांचा एक प्रश्न शिल्लक होता. आपण सहा एमएमच्या हिशेबाने छोटा टँक केला तर? दीड फूट उंचीचा? हा प्रश्न चांगला होता. दोन काचा सुट्या धरून हिशेब केला की ६ अधिक ६ ची ताकद साडेआठ एमएमच्या एकसंध काचेएवढी भरते, आणि आठ एमएमचे टँक आम्ही काय कमी बनवतो? ताकदीपुरतं बघितलं तर चालेल असंच माझंही मत आहे. पण मी त्यांना भिंतीला लावलेल्या काचांकडे नेलं आणि खालची कड दाखवली.

ऑफिसचं पार्टिशन, खाली ॲल्युमिनियमचा चॅनेल. फरशी रोज पुसली जाणार, पाणी चॅनेलमध्ये साचणार. खालच्या कडेला बोटभर रुंदीचा दुधी पट्टा आला होता, मध्ये मध्ये फेसासारखे बुडबुडे. पीव्हीबी पाणी शोषतं आणि काचेपासून सुटायला लागतं. नुसत्या फरशीच्या ओलीने ही दशा, टँकमध्ये तर कड पाण्याजवळच. त्यात भर म्हणजे टँकला जे सिलिकॉन वापरतात ते सुकताना व्हिनेगरचा वास सोडतं, कारण त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं. साध्या काचेला त्याचं काही नाही, पीव्हीबीच्या उघड्या कडेला मात्र ते बाधतं. टँकचे जोड तर कडेवरच असतात, एका काचेची कड दुसरीच्या अंगाला चिकटवलेली. म्हणजे जिथे मजबुती पाहिजे नेमकी तिथेच ही काच नाजूक.

"आणि टफन?" आमच्या पोऱ्याने मध्येच विचारलं. त्याला काकांसमोर हुशारी दाखवायची होती. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार केलेली, ताकदीला साध्याच्या चौपट-पाचपट असते, पण वाकते तेवढीच, आणि गेली तर एका क्षणात सगळीच्या सगळी खड्यांसारखी कोसळते. तिला नंतर भोकही पाडता येत नाही. काकांनीच त्याला हे सगळं सांगितलं. मला बरं वाटलं, माझं काम वाचलं.

टँक शेवटी साध्या बारा एमएमचाच झाला. नुसती काच सव्वाशे किलोच्या आसपास, पाणी ६०० लिटरच्या घरात. जागा काकांनी स्वतः ठरवली, खाली बीम कुठून गेलाय ते बिल्डिंगच्या नकाशावर बघून. हे करणारं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही. जोड आठवडाभर सुकू दिले, स्टँडवर थर्माकोल टाकून टँक ठेवला, आणि पाणी एकदम न भरता थांबत थांबत भरलं. प्रत्येक थांब्याला काका समोरच्या काचेवर दोरा ताणून पोट मोजायचे आणि वहीत लिहायचे. काकू म्हणाल्या, मासा कधी येणार ते सांगा, झोल नंतर मोजा.

त्यांच्या फुकटच्या काचेतून मी झाकणाचे तीन तुकडे काढून दिले. अरोवाना उडी मारतो, तेव्हा झाकण वजनदारच लागतं, आणि आधारांमधलं अंतर इतकं कमी की झोलाचा प्रश्न येत नाही. दुधी पट्टा अर्थातच आधी कापून टाकला. कडांना व्हिनेगरवालं सिलिकॉन न लावता न्यूट्रल लावलं. बाकीच्या काचा काकांनी दुकानातच ठेवल्या आहेत, मजुरीतून वळत्या करायच्या बोलीवर. भाव अजून ठरलेला नाही. ते म्हणतात १२.७६ च्या दराने घ्या, मी म्हणतो सहाच्या दोन.