सगळ्या गाठी सैल

क्वालालंपूरहून कुचिंगला उतरले तर पासपोर्टवर पुन्हा शिक्का. देश तोच, मलेशिया. पण कुचिंग ज्या राज्यात आहे त्या सारावाकचं, बोर्निओ बेटावरचं, इमिग्रेशन वेगळं. तिथून गाडीनं चार-पाच तास, बातांग आय धरणाच्या धक्क्यापर्यंत. पुढे रस्ताच नाही.

होडी लांबलचक आणि अरुंद, एकामागे एक बसायचं. जलाशयात (धरण 1985 चं) मजेत गेलो. देलोक नदीत शिरलो आणि पाणी घोट्याएवढं! पुढचा माणूस काठीनं तळ चाचपतो, मागचा इंजिन वर उचलतो, आणि आपण उतरून ढकलायचं. चौथ्यांदा उतरताना माझी एक चप्पल वाहून गेली.

इबान हे इथले आदिवासी. त्यांचं लांबघर, म्हणजे एका छपराखालचं अख्खं गाव, किती मोठं ते दारांवर मोजतात. एक दार म्हणजे एक कुटुंब. पाहुण्यानं नेलेला खाऊही प्रत्येक दाराला सारखा वाटून द्यायचा. माझ्या चिक्कीचा त्यात चुरा झाला, पण पुरली.

मी गेले होते पुआ कुंबू, इबान बायकांचं नक्षीदार कापड, विणायला शिकायला. तीन दिवसांत मागाला हातसुद्धा लागला नाही. कारण नक्षी विणताना येतच नाही, ती आधी गाठींत तयार होते. उभे धागे चौकटीवर ताणायचे, जिथे रंग नको तिथे झाडपाल्याच्या चिवट तंतूनं बांधायचं, मग बुडवायचं. पटोल्यासारखंच, फक्त इथे आडवे धागे बांधत नाहीत. लाल रंग एंगकुडूच्या मुळांचा. एंगकुडू म्हणजे ज्याचा ज्यूस आपल्याकडे विकतात ती नोनी! रंग धरावा म्हणून सूत आधी मीठ, आलं, तेल यांत मुरवतात आणि ऊन-दव खाऊ देतात. त्या विधीला न्गार म्हणतात. तो काही रोज होत नाही, माझ्या वाट्याला आला नाही.

लांबघराच्या ओसरीवर, रुआईत, एका आजींशेजारी बसून दिवसभर गाठी मारल्या. बोटांना चिरा पडल्या. संध्याकाळी आजींनी माझ्या एका गाठीखाली अंगठ्याचं नख घातलं, गाठ सरकली. काहीतरी म्हणाल्या. वाटाड्या हसू दाबत म्हणाला, "इथून रंग आत शिरेल म्हणतात."

सकाळी उठून पाहते तर माझ्या गाठींचा पट्टा उकललेला, त्या जागी त्यांच्या गाठी, मोहरीएवढ्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक जुनी चौकट पुढे सरकवली. सरावाची. त्यांची नात तिच्यावर शिकली होती म्हणे, आठ वर्षांची असताना.

रात्री नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. परतताना एकदाही उतरावं लागलं नाही.