खणाच्या पिशव्या आणि भाऊबीजेची पाकिटं

आज शिवणाचा दिवस. दोन खणाच्या पिशव्या झाल्या, उरलेल्या वेळात पाकिटं.

पिशवीचं माप: खणाचे १६ बाय १५ इंचाचे दोन तुकडे, अस्तराचेही तेवढेच. शिलाई अर्धा इंच. तळाचे कोपरे त्रिकोणी ओढून, त्रिकोण जिथे ४ इंच रुंद होतो तिथे आडवी टीप मारली की ११ रुंद, १२ उंच आणि ४ इंच तळाची पिशवी मिळते. डबा आडवा होत नाही. अस्तराच्या तळाशी ४-५ इंच उघडं ठेवा, नाहीतर पिशवी उलटायची कुठून? (हे हमखास विसरतं, मग उसवत बसा.)

खणाचे धागे फार सुटतात. कापण्याआधीच मागून फ्युजिंग (एका बाजूला गोंद असलेलं अस्तर) इस्त्रीने चिकटवा. सुती अस्तर आधी धुऊन घ्या, नंतर आटलं तर पिशवीचं तोंड चुण्या पडून आत ओढलं जातं. बंदासाठी ४ इंची पट्टी चार पदरी दुमडायची, लांबी २४. जोडावर चौकोन मारून मध्ये फुली. तिथे पदर इतके होतात की १४ नंबरची सुई मोडते. १६ लावा आणि चाक हाताने फिरवा.

पाकिटं जुन्या लग्नपत्रिकांची, ७ बाय साडेतीन इंच. जाड कागद थेट दुमडला की घडीवर रंग तडकतो. आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा, मग दुमडा. फेव्हिकॉल बोटाने अगदी पातळ, जास्त झाला की कागद फुगतो. वरचा रुपया मात्र फेव्हिकॉलने नको, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा. भाच्यांना तो काढून हवा असतो!