सज्जतेचा तक्ता भरताना

संरक्षणशास्त्राच्या एम.ए.साठी लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा लष्करी तुकडीची युद्धसज्जता कशी मोजतात आणि ती वरिष्ठांना कशी कळवतात, हा विषय मी दिला. यावर कागद मिळणार नाहीत, असे मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत बजावले. मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. कोलशेत रस्त्यावरून जाताना हवाई दलाच्या तळाची भिंत रोज दिसते. तिच्या आड आज काय चालू स्थितीत आहे आणि काय नाही, हे बाहेरच्या माणसाला कळू नये अशीच व्यवस्था असते आणि ती योग्यच आहे. मला आकडे नकोच होते, आकडे कोणत्या रीतीने तयार होतात एवढेच हवे होते.

तरीही माहितीच्या अधिकारात एक अर्ज करून पाहिला. त्यात कोणत्याही तुकडीचे नाव न घेता केवळ अहवालाचा कोरा नमुना मागितला होता. देशाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती कलम ८ नुसार देता येत नाही, असे उत्तर मुदतीत आले. मी अपिलात गेले नाही, कारण कोरा नमुनाही पुष्कळ बोलतो: कोणते रकाने आहेत यावरून काय मोजतात ते कळते आणि कोणते नाहीत यावरून कशाकडे लक्ष नाही तेही कळते.

मग मी अमेरिकेकडे वळले. तिथे भरलेले अहवाल गोपनीय असले, तरी ते भरण्याचे नियम उघड्यावर आहेत. अमेरिकी भूदलाच्या २२०-१ क्रमांकाच्या नियमावलीत तुकडीची चार अंगांनी पाहणी सांगितली आहे: माणसे, हाती असलेली सामग्री, त्या सामग्रीची दुरुस्त-नादुरुस्त स्थिती आणि प्रशिक्षण. प्रत्येक अंगाला एक ते चार अशी श्रेणी मिळते. मंजूर संख्येच्या ९० टक्के किंवा अधिक माणसे उपलब्ध असतील तर पहिली, ८० ते ८९ टक्क्यांना दुसरी, ७० ते ७९ टक्क्यांना तिसरी आणि त्याखाली चौथी. सामग्रीच्या सीमारेषा थोड्या निराळ्या आहेत. एकूण श्रेणी काढताना मात्र सरासरी घेत नाहीत, चारांपैकी सर्वांत खालची श्रेणी तीच तुकडीची श्रेणी, जिला सी-१ ते सी-४ असे म्हणतात.

हे सगळे मी वाचले होते, पण ते अंगी लागले आमच्या सोसायटीतल्या सुभेदार काकांमुळे. कळव्याला खारेगावात आमच्या खालच्या मजल्यावर ते राहतात, आणि त्यांची सगळी नोकरी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, झाली. आपल्याकडच्या कागदांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. अमेरिकी नियमांची छापील पाने मात्र त्यांनी चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाले, “ताई, नुसतं वाचून काही होत नाही. एक पलटण कागदावर उभी करा आणि तक्ता भरा.”

मी ८०० जणांची पलटण उभी केली. ७१२ जण उपलब्ध धरले, म्हणजे ८९ टक्के, श्रेणी दुसरी. काकांनी विचारले की उरलेले ८८ कुठे गेले, आणि तेव्हा कळले की या प्रश्नाचे उत्तर लिहिता येणे हाच अहवालाचा खरा भाग आहे. काही जागा रिकाम्या, काही जण रुग्णालयात, काही तपासणी राहिल्यामुळे अपात्र. अमेरिकी सैन्यात दातांची ठरलेली तपासणी राहून गेली, तरी सैनिक वैद्यकीयदृष्ट्या तयार धरला जात नाही. आठ जणांच्या दातांची तपासणी उरकली की माझी पलटण ९० टक्क्यांवर, पहिल्या श्रेणीत जाणार होती.

गाड्यांपाशी काका रमले. मंजूर ३०, हाती २७, म्हणजे ९० टक्के, पहिली श्रेणी. त्या २७ पैकी चालू १९, म्हणजे ७० टक्क्यांच्या किंचित वर, आणि ७० ते ८९ ला दुसरी श्रेणी असल्यामुळे तिथेही निभावले. काकांनी पेन्सिलीने १९ खोडून १८ लिहिले. टक्केवारी ६६ च्या घरात आली आणि श्रेणी तिसरी झाली. “आता ही एक गाडी कशानं ऑफ रोड, म्हणजे बंद, झाली? बॅटरीनं. मग तुम्ही काय कराल?” मी म्हटले, नवी बॅटरी मागवू. ती महिन्याभराने येईल, अहवाल उद्या जायचा आहे, असे ते म्हणाले आणि मग त्यांनीच सांगितले: जी गाडी गिअरबॉक्समुळे आधीच बंद आहे, तिची बॅटरी काढून हिला लावायची. कागदावर १९ पुन्हा उभ्या राहतात आणि त्यात खोटे काहीही नसते. फक्त गिअरबॉक्स आला की त्या दिवशी बॅटरी नसते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात गेरू आणि चुना जिथे दिसेल तिथे फासला जातो, हा विषय त्यांनी एका वाक्यात उडवून लावला. त्याने कोणी फसत नाही, असे त्यांचे मत. त्यांच्या मते बॅटरीची गोष्टच गंभीर.

प्रशिक्षणाचा रकाना सर्वांत निसरडा निघाला. जुन्या पद्धतीत कमांडरने अंदाज द्यायचा की पूर्ण तयारीला अजून किती दिवस लागतील: १४ पर्यंत पहिली श्रेणी, २८ पर्यंत दुसरी, ४२ पर्यंत तिसरी. मी ३० दिवस लिहिले आणि सगळी पलटण सी-३ झाली. कमांडरला अंतिम श्रेणी स्वतःच्या निर्णयाने वर किंवा खाली नेता येते, मात्र कारण लेखी द्यावे लागते. याचा अर्थ, ज्याच्या कामाचा हा हिशेब आहे, त्याच्याच सहीने तो बदलू शकतो. हा दोष आहे असे मला आधी वाटत होते; तक्ता भरल्यावर तसे वाटेनासे झाले, कारण ३० दिवस की २७, हे सांगू शकणारा दुसरा माणूस तिथे नसतोच.

लघुप्रबंधाचा गाभा मला एका राजकीय भाषणात सापडला. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना जॉर्ज बुश म्हणाले की आज हुकूम आला तर लष्कराच्या दोन संपूर्ण डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या तुकड्या, ‘आम्ही तयार नाही’ असे कळवतील. या विधानामागे १९९९ च्या नोव्हेंबरातले अहवाल होते, ज्यांत दहावी माउंटन आणि पहिली इन्फंट्री या डिव्हिजनांना सी-४ श्रेणी होती. तसे होण्याचे कारण असे की त्यांचे काही सैनिक बाल्कन प्रदेशात शांतिरक्षणाला गेले होते आणि त्यांना तिथून काढून मोठ्या युद्धासाठी पुन्हा तयार करायला वेळ लागला असता. म्हणजे दिलेले काम चालू असतानाच या डिव्हिजन कागदावर नापास होत्या, कारण कागद वेगळ्याच कामाबद्दल विचारत होता. २००२ मध्ये अमेरिकेने जी नवी पद्धत आणली, तिच्यात म्हणूनच ‘हे नेमून दिलेले काम करू शकाल का’ असा प्रश्न आला आणि ‘होय’, ‘अटींसह होय’ व ‘नाही’ अशी उत्तरे ठरली.

‘अटींसह होय’ हे उत्तर मला आजही अस्वस्थ करते. २०१७ मध्ये फिट्झगेराल्ड आणि जॉन मॅकेन या अमेरिकी विनाशिका दोन महिन्यांच्या अंतराने मालवाहू जहाजांवर आदळल्या आणि १७ नौसैनिक मेले. त्या वर्षीच्या जूनमध्ये जपानस्थित क्रूझर आणि विनाशिकांची ३७ टक्के युद्धकौशल्य प्रमाणपत्रे मुदत संपलेली होती, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिले. जहाजे तरीही समुद्रात जात होती. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकी भूदलाच्या युद्ध महाविद्यालयातल्या एका अभ्यासात दिसले होते की कंपनी कमांडरवर, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीच्या प्रमुखावर, वर्षाला २९७ दिवसांचे सक्तीचे प्रशिक्षण लादलेले आहे आणि त्याच्या हाती दिवस आहेत २५६. अशा माणसाने रकाने कसे भरले असतील, याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

भारताबद्दलचे प्रकरण मी केवळ जाहीर कागदांवर लिहिले. कॅगच्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा तीव्र युद्धाच्या दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता, ठरलेल्या ४० दिवसांचा साठा फक्त ३१ प्रकारांत होता. २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीला सांगितले की ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, जे स्वतः निवृत्त अधिकारी होते, नेमके इथेच धरले. दारूगोळ्याची ही स्थिती असताना एखादी पलटण स्वतःला पहिल्या श्रेणीत दाखवू शकेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, दाखवू शकेल आणि ते खरेही असेल, कारण पलटणीच्या हाती असलेला दारूगोळा पूर्ण असू शकतो आणि तूट मागच्या डेपोत असते, जो तिच्या तक्त्यात येतच नाही. मग कमांडरने टिप्पणीत काय लिहावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. स्वतःच्या हाती जेवढे आहे तेवढ्यापुरतेच लिहावे, असे मी म्हटले. ते त्यांना पटले नाही. दहाव्या दिवसानंतर काय, हे विचारणे कमांडरचेच काम आहे आणि वरिष्ठांना न आवडले तरी ते त्याने लिहिलेच पाहिजे, असे ते म्हणाले. हा मतभेद त्यांच्या परवानगीने मी शेवटच्या प्रकरणात पानभर मांडला आणि प्रत ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात बांधायला दिली.