घरी पाठवलेला

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. "झाहोविच? तो होय, वर्ल्ड कपमधून घरी पाठवलेला!" एवढं बोलून आमच्या सोसायटीतले बापू भेळेकडे वळले. त्यांच्यापुरता विषय संपला.

फुटबॉलपटू झ्लात्को झाहोविच. स्लोव्हेनियासाठी ८० सामने, ३५ गोल, तेही मधल्या फळीतून. पोर्तो क्लबकडून लागोपाठ तीन लीग विजेतेपदं, मग ऑलिंपियाकोस, व्हॅलेन्सिया, बेन्फिका. जेमतेम वीस लाख वस्तीच्या देशातला माणूस. आणि निकाल काय, तर 'घरी पाठवलेला'.

२००० च्या युरो कपमध्ये बेल्जियमच्या शार्लरवा शहरात झालेली मॅच बापूंनी पाहिलीच नसणार. स्लोव्हेनियाची पहिलीच मोठी स्पर्धा, समोर युगोस्लाव्हिया, म्हणजे ज्या घरातून नुकतेच वेगळे झाले तेच घर. पहिला गोल याने डोक्याने मारला. तिसऱ्याच्या वेळी युगोस्लाव्हियाच्या मिहायलोविचचा फसलेला पास थेट याच्याच पायात आला. अशा वेळी भल्याभल्यांची गडबड उडते. याने शांतपणे चेंडू जाळ्यात घातला. ३-०. पाठोपाठ मिहायलोविचला लाल कार्ड. आणि मग त्या दहा जणांनी सहा-सात मिनिटांत तिन्ही गोल फेडले! आजही त्या मॅचचं नाव निघालं की लोक बोलतात ते युगोस्लाव्हियाबद्दल. म्हणजे याने दोन गोल मारले तरी गवगवा दुसऱ्यांचाच.

पुढच्या वर्षी मिलानला चॅम्पियन्स लीगची फायनल, पेनल्टी शूटआऊट, आणि समोरचा गोलकीपर ऑलिव्हर कान याने झाहोविचची पेनल्टी अडवली. त्यावर मी बोलणार नाही.

२००२ च्या वर्ल्ड कपला स्पेनविरुद्ध प्रशिक्षक कातानेत्सने त्याला मॅच संपायच्या आत बाहेर काढलं. आत गेल्यावर हा वाट्टेल ते बोलला, पार घरदार विकत घेण्याची भाषा केली म्हणतात. कोरियातूनच परतीचं विमान. कातानेत्स पत्रकारांसमोर रडले. उरलेले दोन्ही सामने संघ हरला. चूक झाहोविचचीच, त्यात वाद नाही. पण एवढ्या वर्षांचं खेळणं त्या एका तोंडाळ संध्याकाळीत मावतं का?

ऑफिसात माझ्या निरोपाच्या वेळीही साहेबांनी माझा नेमका असाच एक किस्सा काढला. सगळे हसले, मीही हसलो. असो.

खरं तर बापूंचं तरी काय वेगळं आहे? अख्ख्या सोसायटीत त्यांची ओळख म्हणजे 'गणपतीच्या मीटिंगमधून तावातावाने उठले आणि दुसऱ्याची चप्पल घालून गेले'. कॅरमला त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण ते कोण सांगतंय? मीसुद्धा चपलेचाच किस्सा सांगतो. रंगतो चांगला.

आणि ज्यांचं भांडण, त्यांचं काय झालं? झाहोविच २००७ पासून पुढे कितीतरी वर्षं मारिबोरचा क्रीडा संचालक होता. आपल्याच गावचा क्लब, लीग जिंकत राहिला, २०१४ ला चॅम्पियन्स लीगच्या गटातही पोचला. कातानेत्स २०१३ ला पुन्हा स्लोव्हेनियाचे प्रशिक्षक झाले. दोघांचंही काही अडलं नाही. मी मात्र त्यांच्या भांडणापायी तिसऱ्याच माणसाशी अबोला धरून बसलोय, आणि त्या माणसाला अजून याचा पत्ताच नाही.